वजनातली खोट

दिवाळी अंकात आपल्या कामाबद्दल लिहिणारी माणसं बहुतेक निवृत्त असतात. लेखाच्या शेवटी बारीक अक्षरात त्यांचं पद आणि खातं छापलेलं असतं. माझं पद एवढंच, की आर्णीच्या एका व्यायामशाळेत दुपारच्या बायकांच्या बॅचला मी लोखंड उचलायला शिकवते. तिशी आत्ता कुठे गाठली आहे. निवृत्ती दूर आहे आणि पेन्शन तर या धंद्यात नाहीच. तरी लिहिते आहे, कारण हे काम काय असतं ते बाहेरच्यांना ठाऊक नाही, आणि ज्यांना ठाऊक आहे त्या बाजारात मला ओळख दाखवत नाहीत.

ही तक्रार नाही. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक मुली वीस ते सव्वीसच्या. कोणी अभ्यासिकेत बसून भरतीची तयारी करणारी, कोणी पदवी घेऊन घरी बसलेली. त्यांना बारीक व्हायचं नसतं. त्यांना घाबरल्यासारखं होत असतं. जेवताना, बसमध्ये, कोणी दार वाजवलं तरी. छाती धडधडते, हात गार पडतात, श्वास वरच्यावर अडकतो. ईसीजी काढतात, तो चांगला येतो. मग घरचे म्हणतात, "रिपोर्ट नॉर्मल आहे, आता काय नाटक लावलं?" अशी मुलगी माझ्याकडे काही महिने येते, हळूहळू बरी होते. मग भाजीबाजारात आई नाहीतर नवरा सोबत असला की माझ्यासमोरून मान वळवून जाते. ओळख दाखवली तर "ही कोण?" विचारतील, आणि मग सगळंच सांगावं लागेल. मीही वांग्यांकडे पाहते. माझं काम नीट झाल्याची खूण हीच, की ती व्यक्ती माझी राहत नाही.

सगळीच गिऱ्हाइकं अशी नसतात. एक बाई फक्त पंख्याखाली बसायला यायच्या. सासूला 'जिम' सांगितलेलं, म्हणून घरी जाताना केसांवर पाणी शिंपडून घ्यायच्या. एका नवरीला लग्नाच्या आत हात बारीक करून हवे होते आणि लग्न येत्या रविवारी होतं. मी म्हटलं, "बाई, ब्लाउज मोठा शिवून घे." ती रागावली, पण आहेराचं पातळ मात्र आणून दिलं.

माझे वडील घाटंजीला एका लहान छापखान्यात होते. घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं उदंड. सभेची, संपाची, जयंतीची, निषेधाची. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर मी गणितं सोडवली आणि छापील बाजूवर वाचायला शिकले. त्यामुळे माझ्या डोक्यात वाक्यं अजूनही ठळक अक्षरात येतात, शेवटी उद्गारचिन्ह घेऊन. म्हणून पत्रकाच्याच भाषेत एकदा सांगून टाकते. तरुणांची ही धडधड आभाळातून पडलेली नाही! भरतीची जाहिरात निघत नाही. निघाली तर परीक्षा पुढे जाते. परीक्षा झाली तर पेपर फुटतो. तोवर वयाची अट संपते, आणि बाप रोज संध्याकाळी विचारतो, "काय झालं मग तुझं?" ज्यांनी हे केलं त्यांची छाती धडधडत नाही. त्यांना झोप उत्तम लागते.

पूर्वी मी मोर्चे काढणाऱ्या ज्या संघटनेत होते, तिथले सोबती म्हणायचे, "तू पोरींना शांत करून राहिली. साऱ्या शांत झाल्या तर रस्त्यावर कोण येईल?" मी म्हणायचे, थरथरत्या हातानं पत्रकसुद्धा वाटता येत नाही, आधी हात थांबू द्या. वाद व्हायचे. मग वाद थांबले, आणि त्यांचे फोनही. मी आर्णीत एका खोलीत राहते. सकाळी पुरुषांची बॅच, तिथे माझं काम नसतं. दुपारी माझी. संध्याकाळी खोलीवर आल्यावर कधी कधी लक्षात येतं, की आज दिवसभर आपण 'श्वास घे', 'पाठ सरळ', 'अजून एक' यापलीकडे कोणाशी काही बोललेलोच नाही.

आता काम. लोखंड उचलल्यानं भीती कमी होते म्हणजे काय होतं? मी डॉक्टर नाही. कोणाच्या गोळ्यांबद्दल मी बोलत नाही. उलट पहिल्याच दिवशी बजावते, की इथे बरं वाटायला लागलं म्हणून डॉक्टरला न विचारता एकही गोळी बंद करायची नाही. मला दिसतं ते एवढंच. भीतीच्या माणसाला पुढे पुढे आपल्या छातीचीच भीती वाटू लागते. ठोके वाढले की वाटतं, आता मी मरते. इथे बार, म्हणजे वजनाच्या प्लेटा लावलेला लोखंडी दांडा, उचलला की ठोके वाढतातच. तीच धडधड, तोच घाम, तोच अडकलेला श्वास. पण इथे त्याचं कारण समोर जमिनीवर पडलेलं दिसतं. बार खाली ठेवला की थोड्या वेळानं सगळं आपोआप उतरतं. हे शंभरदा झालं की अंगाला कळतं, धडधड म्हणजे मरण नाही. तोंडानं समजावून हे कळत नाही. मी खूप समजावून पाहिलं आहे.

रोशनी आली ती आईबरोबर. बावीस-तेवीसची. वडील सरकारी कचेरीत बाबू, आजोबाही तेच, काकाही. त्या घरात मुलांना नोकरी लागायची, जशी इतरांना दाढी-मिशी फुटते. रोशनी हुशार. सरळसेवेच्या परीक्षेला अमरावतीला गेली, केंद्रावर बाकावर बसली, पेपर हातात आला आणि तिचा श्वास अडकला. ती उठून बाहेर आली. पर्यवेक्षक "अहो, अहो" म्हणत राहिले. त्यानंतर तिला बसमध्येसुद्धा बसवेना. यवतमाळच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि व्यायामही सांगितला. आईनं मला विचारलं, "योगा नाही का तुमच्याकडे? हे लोखंड म्हणजे जरा... उद्या लग्न करायचं आहे हिचं."

"लोखंड कुंडलीत दिसत नाही काकू," मी म्हटलं. रोशनी हसली. तेवढ्या हसण्यावर मी तिला ठेवून घेतलं.

तिला मी डेडलिफ्ट शिकवला. नाव भयंकर आहे, पण प्रकार साधा. बार जमिनीवर असतो. पाय त्याच्याजवळ, गुडघे थोडे वाकवून, पाठ सरळ, पोटात श्वास भरून घट्ट धरायचा आणि जमीन पायांनी खाली ढकलत उभं राहायचं. उभे राहिलात की झालं. माझ्या बॅचमध्ये एक नियम आहे. बार उचलणाऱ्याला मी हात लावत नाही. पुरुषांच्या बॅचमध्ये सोबती बाराखाली बोटं घालतो आणि ओरडतो, "तुहाच आहे, सारा तुहाच आहे!" अर्धं वजन त्याच्या बोटांवर असतं. मला हा प्रकार खपत नाही. उचललं तर तुझं, नाही उचललं तर तेही तुझं.

रोशनी महिन्यामागून महिना वाढत गेली. तिला ध्यास लागला साठ किलोंचा, कारण तिचं स्वतःचं वजन त्याहून थोडं कमी होतं. म्हणाली, "ताई, मी स्वतःले उचलून वर थोडं उचललं पाह्यजे." ज्या दिवशी तिनं साठ उचलले, त्या दिवशी बार खाली टाकून ती इतक्या जोरात ओरडली, की बाजूच्या मोबाइलच्या दुकानातला माणूस धावत आला. "काय पडलं? कोण पडलं?" कोणीच पडलं नव्हतं. त्या आठवड्यात ती बसनं यवतमाळला जाऊन आली. एकटी. सांगत होती, "घाटात धडधड सुरू झाली तं मी मनात म्हणत राह्यली, साठ उचलते मी, साठ उचलते मी." परीक्षेची नवी तारीख आली तेव्हा तिनं स्वतःच फॉर्म भरला. केंद्र पुन्हा अमरावतीच. राहणार मावशीकडे. मावसबहीण तिथल्या जिमला जाते, तेव्हा परीक्षेच्या आदल्या दिवशी तिथे जाऊन साठ उचलायचे आणि मग पेपरला बसायचं, असा तिचा बेत होता. ही तिची तयारी होती. पुस्तकं तर तिची केव्हाच पाठ होती.

आमच्या व्यायामशाळेचे मालक नंदूभाऊ. माणूस दिलदार, पोट मोठं, आवाज त्याहून मोठा. त्यांनी ही सगळी लोखंडं एका बंद पडलेल्या जिमची जुनी घेतलेली. परीक्षेला काही दिवस राहिले होते तेव्हा त्यांनी यवतमाळहून काही नव्या प्लेटा आणल्या. जुन्या रंग उडालेल्या, नव्या काळ्या कुळकुळीत. मी त्या जागेवर लावत होते. एका हातात जुनी दहाची प्लेट, दुसऱ्या हातात नवी दहाची. चार पावलं गेले आणि थांबले. नव्या प्लेटेचा हात खाली ओढला जात होता. हात बदलून पाहिले. आता दुसरा हात ओढला जाऊ लागला.

बॅचला अजून वेळ होता, हॉलमध्ये कोणी नव्हतं. मी तिथेच दोन्ही प्लेटा धरून उभी राहिले. मला कळलं होतं. तरी मी स्वतःला सांगत होते, की कळलं नाही.

मागच्या गल्लीत भंगारवाले हमीदभाई आहेत. त्यांचा काटा लोखंड मोजायचाच. मी दोन्ही प्लेटा पिशवीत घालून तिथे नेल्या.

"काय ताई, जिम विकून राह्यल्या काय?" हमीदभाई म्हणाले. "अभी मत बेचो, भाव गिरेल आहे."

"विकायचं नाही भाई. मोजून पाह्यचं आहे."

"लोखंड मोजून घरी वापस नेणारं गिऱ्हाईक पह्यल्यांदा आलं माझ्याकडे. ठेवा."

नवी प्लेट दहाच्या जवळ भरली. जुनी साडेआठच्या थोडी वर. हमीदभाईंनी आकडा पाहिला, प्लेटेवर ओतलेला 'दहा' पाहिला आणि जिभेनं चक् केलं. "अरे बाप्पा! हे तं कापसाच्या काट्यावानी झालं."

या जिल्ह्यात वजनातली खोट काय असते हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. काटा मारणं ही इथली सगळ्यांत जुनी शिवी आहे. गाडीभर कापूस घेऊन गेलेल्या माणसाला व्यापाऱ्याच्या काट्यावर कसा हलका केला जातो, हे इथलं शेंबडं पोर सांगेल. माझ्या वडिलांनी खोट्या काट्याविरुद्ध पत्रकं छापली होती आणि मी फ्रॉकमध्ये बाजारात उभी राहून ती वाटली होती. मथळा आठवतो, 'काटा तपासा, मगच माल उतरवा!' आणि आता त्याच बाजाराच्या शेजारी, माझ्याच हाताखाली, मुलींच्या पायाशी मी खोटं वजन ठेवत आले होते. वीस किलोचा बार धरूनही रोशनीचे साठ म्हणजे पंचावन्नसुद्धा भरत नव्हते.

बाकीच्या जुन्या प्लेटाही मी हमीदभाईंच्या काट्यावर नेऊन पाहिल्या आणि मग नंदूभाऊंना गाठलं. ते हिशेबाच्या टेबलापाशी केळी खात होते.

"भाऊ, जुन्या प्लेटा हलक्या आहेत. साऱ्या."

"थोड्या असतीन." त्यांनी साल खाली ठेवली. "प्लेटा ओतणारा लोखंड वाचवतेच ना बाई. मले घेतानाच अंदाज आलता."

"मग सांगतलं काहून नाही?"

"कोणाले सांगू? अवं ताई, कापसाच्या काट्यात कास्तकाराचं जाते. इथं कोणाचं काय गेलं सांग मले. पोट्टे खूश, पोट्ट्या खूश. जास्त उचलल्याचा आनंद फुकटात भेटून राह्यला त्यायले. हे तं उलट्या काट्याचं पुण्य आहे!"

वितंडवादात मी सहसा हरत नाही. पण हा माणूस चुकीचा असूनही त्याच्या बोलण्यात काहीतरी होतं. खरंच, गेलं कोणाचं? त्या आकड्यानं ती मुलगी बसमध्ये बसली होती. खोट्या साठांनी तिला खऱ्या यवतमाळला नेऊन आणलं होतं.

"रोशनी अमरावतीच्या जिममध्ये जाऊन साठ उचलणार आहे," मी म्हटलं. "पेपरच्या आदल्या दिवशी. तिथले साठ हलणार नाहीत तिच्यानं."

नंदूभाऊ गंभीर झाले. मग म्हणाले, "मंग तिले म्हण की परीक्षेआधी आराम कर, तिथं काही उचलू नको. ऐकते तुह्यं ती. परीक्षा झाल्यावर सांग. तोवर मी साऱ्याले काळा रंग मारून टाकतो."

"रंगानं वजन वाढते का भाऊ?"

"तू ना, लय कडक आहे. मास्तर झाली पाह्यजे होती."

कदाचित त्यांचंच शहाणपण होतं. पण मला ते जमण्यासारखं नव्हतं. 'आराम कर' असं म्हणून मी तिला पाठवलं असतं, तर तिच्या आईवडिलांत आणि माझ्यात फरक काय राहिला असता? तेही तिच्याशी असंच बोलत, तिच्या भल्यासाठी, अर्धं पोटात ठेवून. भेदरलेल्या माणसाला सगळं जग सांभाळून घेत असतं, आणि त्या सांभाळण्यातूनच त्याला वास येतो, की आपलं काहीतरी भयंकर झालं आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी रोशनी आली. मी दोन प्लेटा तिच्यापुढे ठेवल्या आणि म्हटलं, "एकेका हातात एकेक उचल."

तिनं उचलल्या. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा उचलल्या. हुशार मुलगी होती, मला फार बोलावं लागलं नाही. तिनं जुन्या प्लेटेवरच्या आकड्यावरून अंगठा फिरवला.

"म्हणजे साठ नोहते."

"पंचावन्नच्या आत. मले काल समजलं."

"म्हणजे मी साठ उचललेच नाही."

"नाही. पण जे उचललं ते..."

"घरचे बरोबर म्हणतात मग." तिचा आवाज एकदम शांत झाला, आणि मला त्या शांततेची भीती वाटली. "मले मरून राह्यल्यासारखं वाटते, तसं काही नसते. मले साठ उचलल्यासारखं वाटलं, तसंही काही नोहतं. माह्या वाटण्याले काही अर्थच नाही ना ताई?"

मी पत्रकावर वाढलेली बाई. माझ्याकडे प्रत्येक प्रश्नाला मथळा असतो. त्या वेळी एकही नव्हता.

"काहून सांगतलं तुम्ही?" ती म्हणाली. "आठ दिवस थांबता नाही आलं?"

प्लेटा तिनं जागेवर लावल्या. रागातसुद्धा सामान जागेवर लावलं, ही माझीच शिस्त. आणि गेली.

दुसऱ्या दिवशी तिची आई आली. बसा म्हटलं तर बसली नाही. "रात्रभर ती जागी आहे. जेवत नाही. अहो, काय गरज होती? तुमचं खरं तुमच्यापाशी ठेवायचं. आम्ही हातापाया पडून तिला इथवर आणली होती." तिच्या हातात रिकामी कापडी पिशवी होती, तिची ती सारखी घडी घालत होती आणि उलगडत होती. मी म्हटलं, "काकू, गोळ्या वेळेवर द्या आणि डॉक्टरांना फोन करून कळवा." एवढंच माझ्या हाती होतं. ती म्हणाली, "ते केलं आम्ही. तुम्ही सांगायची वाट पाहत नव्हतो."

मग दुपारी बॅच घ्यायची, नव्या मुलींना श्वास शिकवायचा, दार वाजलं की तिकडे पाहायचं. ती येत नव्हती. मी तिला फोन केला नाही. फोन करून काय म्हणणार होते? माझ्या बाजूनं सत्य होतं, आणि सत्याच्या बाजूला त्या आठवड्यात मी एकटीच होते. वडिलांना सांगावंसं वाटलं. पण त्यांना आता फोनवर ऐकू येत नाही. मी काहीही म्हटलं तरी ते म्हणतात, "हो हो, जेवली का?"

अमरावतीला निघायच्या आदल्या दुपारी ती आली. बाकीच्या मुली नुकत्याच गेल्या होत्या. डोळे खोल गेलेले, वेणी मात्र घट्ट.

"लावा," ती म्हणाली.

"काय लावू?"

"साठ. खरे."

मी विचारलं नाही, तू झोपलीस का, जेवलीस का, जमेल का. आधी रिकाम्या बारानं आणि हलक्या वजनांनी तिचं अंग गरम करून घेतलं. ते सगळं नव्या प्लेटांवर. मग साठ लावले आणि दोन पावलं मागे सरले.

ती वाकली. पाठ सरळ, श्वास पोटात, हात घट्ट. तिनं जमीन ढकलली. बार हलला नाही. मानेच्या शिरा वर आल्या, पाय थरथरले. बार जमिनीला चिकटूनच. तिनं सोडला, मागे सरकली, परत आली, पुन्हा धरला. या वेळी एका बाजूची प्लेट जराशी उचलल्यासारखी झाली आणि टेकली. माझे हात आपोआप पुढे झाले होते. दोन बोटं घातली असती तर तो वर आला असता. मी हात मागे घेतले. सांगायला सोपं आहे. तेव्हा ते बारापेक्षा जड होतं.

रोशनी खाली फरशीवर बसली. तळहात छातीवर ठेवला. तोंडानं श्वास घेत होती, चेहरा पांढरा. मी तिच्यासमोर मांडी घालून बसले. अंतर ठेवून.

"ताई, सुरू झालं," ती म्हणाली.

"काय होऊन राह्यलं?"

"धडधड. हात गार पडले."

"कायच्यानं?"

तिनं बाराकडे पाहिलं. "उचलला नाही म्हणून."

"मग?"

रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला, त्याच्या आवाजानं पत्रे वाजले. ती वाट पाहत होती. नेहमी जे होतं त्याची. उठून पळावंसं वाटण्याची. मीही त्याचीच वाट पाहत होते.

"मग काही नाही," ती म्हणाली. "होऊन राह्यली धडधड. होऊ द्या."

आणि आम्ही दोघी तिथे बसून राहिलो. मी या कामात अनेकींना खूप वजन उचलताना पाहिलं आहे. पण न उचललेल्या वजनासमोर अशी बसून राहिलेली मुलगी मी पहिल्यांदा पाहत होते. हळूहळू तिच्या ओठांना रंग आला. तिनं हात छातीवरून काढला आणि पँटला पुसला.

"साडेसत्तावन्न तं उचलीन मी," ती म्हणाली. "खरे. आज नाही. पण उचलीन."

"उचलशील."

"तुम्ही लय वाईट आहात ताई. आई म्हणते, त्या बाईले पोटची पोर असती तं समजलं असतं."

"बरोबर म्हणते."

ती हसली नाही, पण हसण्याच्या जवळ आली. मग मी विचारलं, "मी येऊ का सोबत? केंद्राच्या बाहेर बसून राहीन." हे मी कोणालाच विचारत नाही, पण विचारून गेले.

"नका येऊ," ती लगेच म्हणाली. "तुम्ही आल्या तं मले वाटन, तुमच्यामुळं बसली."

माझा नियम तिनं मला परत दिला होता. मी मान हलवली. ती गेल्यावर मी प्लेटा उतरवल्या. एवढं जड वाटायचं काही कारण नव्हतं, नव्या होत्या, दहा म्हणजे दहाच.

परीक्षेच्या दिवशी बॅच होती. मी शिकवलं. काय शिकवलं ते आठवत नाही. एका मुलीनं म्हटल्याचं आठवतं, "ताई, माह्ये दहा केव्हाच झाले, तुम्ही मोजतच नाही." पेपर संपायची वेळ होऊन गेली. फोन वाजला नाही. मुली गेल्या. मी फरशी पुसली, आरसा पुसला, आरसा परत पुसला.

मग वाजला. मागे बसस्टँडचा गलका.

"ताई, बसली मी," रोशनी म्हणाली. ती बहुतेक चालत होती. "पह्यल्या पानालेच सुरू झालं. लय झालं. मी पेन खाली ठेवला आणि होऊ देलं. मंग परत लिहिलं. परत झालं, परत ठेवला."

"आणि?"

"पेपर काही खास नाही गेला. वेळ गेला ना त्याच्यात. निघणार नाही बहुतेक. पण घंटा होईपर्यंत बसली. शेवटपर्यंत. मॅडमनं पेपर हातातून घेतला माह्या."

मी काहीतरी बोलले. काय ते माहीत नाही, कारण तिकडून कोणी तरी, बहुतेक मावसबहिणीनं, तिला "चल, गाडी लागली" म्हटलं आणि ती "ठेवते ताई" म्हणाली. त्या परीक्षेत ती खरंच निघाली नाही, यादीत नाव आलं नाही. पुढे तिला नागपूरला एका खासगी कचेरीत काम लागलं, तिथेच ती असते. पुन्हा फोन आला नाही. तिच्या आईला मी एकदा बाजारात पाहिलं. तिनं मान वळवली, मी वांग्यांकडे पाहिलं.

जुन्या प्लेटांवर मी खडूनं खरे आकडे घातले आहेत. घामानं पुसले जातात, मी परत घालते. काही मुली आकडे पाहून हिरमुसतात. एक-दोघी सोडून गेल्या. नंदूभाऊ म्हणतात, "कर बाई, तुह्या पत्रकाची हौस भागव." भागवते.

पण मला सांगायचं होतं ते त्या दुपारबद्दल. फोन बंद झाला तेव्हा मी हॉलच्या मधोमध उभी होते. माझ्या आजवरच्या कामातली ही सगळ्यांत मोठी बातमी होती. पोरगी घंटा होईपर्यंत बसली! आणि ती सांगायला समोर कोणी नव्हतं. नंदूभाऊ जेवायला घरी गेले होते. हमीदभाईंना अर्धी गोष्ट माहीत, उरलेली सांगायचा मला हक्क नव्हता. जुन्या सोबत्यांना ही बातमी वाटलीच नसती. मी दारात जाऊन पायरीवर उभी राहिले. रस्त्यावर ऊन. समोर एक अनोळखी माणूस स्कूटरला किक मारत होता, ती सुरू होत नव्हती. एकदा त्यानं वर पाहिलं. मला वाटलं, याला सांगावं. मी तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात त्याची स्कूटर सुरू झाली.